गुणाची चिठ्ठी आणि माझे कान

मी जन्माची बहिरी नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण हल्ली वाडीतली नवी सून असो की एसटीचा कंडक्टर, माझ्याशी बोलताना हातवारे करतात, ओठ ताणतात, जशी काय मी आईच्या पोटातूनच अशी आले. माझे कान चांगले होते. वर माळावर हिरड्याच्या झाडावरून दिरानं हाक मारली तर खाली भाताच्या खाचरात मला कळायची. तो रागावलाय का भुकेलाय, तेही कळायचं. ते कान दहा दिवसांच्या इंजेक्शनांनी गेले. आणि ते इंजेक्शनांनी गेले, हे मला कळायलाच दोन वर्षं लागली. कुणी सांगितलंच नाही. राग त्याचा आहे.

झालं असं, दोन वर्षांमागं मला ताप भरला. लघवीला आग, कमरेत कळ, थंडी तर अशी की गोधड्या पुरेनात. मुलानं तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात ॲडमिट केलं. जंतू किडनीपर्यंत गेलेत म्हणाले. रोज इंजेक्शन. पाय सुजले होते म्हणून लघवी जास्त होण्याची गोळीपण सोबत. ताप उतरला, जीव वाचला, ते मी नाकारत नाही. पण सातव्या दिवशी भर दुपारी माझ्या कानात रातकिडे ओरडायला लागले.

मी नर्सबाईला सांगितलं, "बाई, कानात किर्र वाजतंय."

"अशक्तपणा आहे आजी. जेवत जा नीट."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, त्यांनाही सांगितलं. त्यांनी कागदातून मान वर केली नाही. "वय किती?"

"बासष्ट."

"मग काय!" म्हणाले आणि पुढच्या कॉटवर गेले.

मग काय! अजून भाकरी थापताना ते आठवलं की माझा हात जोरात पडतो आणि भाकरी फाटते. अहो, बासष्टाव्या वर्षी कान असे सात दिवसांत जातात का? म्हातारपण सावकाश येतं, त्याची मला ओळख आहे. हे दुसरंच काहीतरी होतं. पण त्यांना विचारायचं धाडस मला तेव्हा झालं नाही, आणि दहाच्या दहा सुया मी गुमान टोचून घेतल्या.

घरी आले तर चालताना भिंत धरावी लागायची, जमीन होडीसारखी हलायची. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात, दोनदा डाळ करपली. पुढं हिरडा झोडायचे दिवस आले. पुरुषमाणूस झाडावर चढून फांदी झोडतो, आम्ही बायका खाली वेचतो. मोडकी फांदी खाली यायची असली की वरून "सरकाऽ" असा पुकारा होतो आणि सगळ्या बाजूला होतात. त्या दिवशी सगळ्या सरकल्या, मी एकटी वाकून वेचत राहिले. फांदी खांद्यावर आली. दीर खाली उतरला तो ओरडतच. तो माझा खांदा पुन्हा पुन्हा चाचपत होता म्हणून कळलं, की तो घाबरलाय. तेव्हापासून मला हिरड्याला कुणी नेत नाही.

आता आमच्या खोडीबद्दल लिहिते, नाहीतर सगळा दोष दवाखान्यावर टाकून मी मोकळी होईन. आमच्या वाडीत ज्या कागदावर माणूस बरं होतं तो कागद कुणी टाकत नाही. देवाच्या फोटोमागं नाहीतर पिठाच्या डब्याखाली ठेवतात. कुणाला तसाच ताप आला की तो कागद उसना जातो. विरजण मागावं तसा. "गुणाची चिठ्ठी हाय का गं?" म्हणायचं, मेडिकलमध्ये दाखवून औषध आणायचं. टोचायला मोटारसायकलवर फिरणारा एकजण आहेच. गोळीवर कुणाचा भरवसा नाही, सुई टोचली म्हणजे औषध झालं. माझी चिठ्ठी तर लई नावाजलेली, कारण मी मरता मरता उठले होते. कान गेल्याचं त्या कागदाशी कुणीच जोडलं नाही. मीसुद्धा नाही.

तर यंदा माझी धाकटी जाऊ तापानं पडली. तशीच आग, तशीच थंडी. दाराशी येऊन म्हणाली, "आक्का, तुमची चिठ्ठी द्या." मी उठून, डबा सारून, तिच्या हातात दिली. वर ऐटीत म्हणाले, "चार दिवसांत उठून बसशील बघ."

त्यानंतर चौथ्या दिवशी माझी लेक मला आळेफाट्याला कानाचं मशीन बघायला घेऊन गेली. लेक तिथून जवळच, आळे गावात दिलेली आहे. तिथं कान तपासणाऱ्या बाईनं मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावला, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. माझं बोट बराच वेळ मांडीवरच राहिलं. मग तिनं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं, "मागे कधी इंजेक्शनांचा कोर्स झाला होता? टीबी, किडनी, कॅन्सर?"

मी सगळं सांगितलं. मग तिनं लिहिलं: अमिकासिन? मला नाव कुठलं माहीत! म्हणाली, या नावाच्या सुईनं कान जाऊ शकतात, कागद आणा.

"कागद जावंकडं हाय," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता लेकीचा हात धरला, "आधी काकीला फोन लाव!"

लेकीनं तिथूनच फोन लावला. मला फोनवर काही कळत नाही, म्हणून लेक बोलायची आणि मला ओरडून सांगायची.

"काकी म्हणते, ताप उतरलाय. तीन झाल्या, आज चौथी. अर्धवट सोडली तर ताप उलटंल म्हणते."

"तिला म्हणावं, डॉक्टरला दाखवल्याशिवाय सुई घेतलीस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई!"

लेकीनं सांगितलं, ऐकलं, आणि तेवढ्यातही हसली. "म्हणते, बरंच झालं, चहापत्ती वाचंल."

"मग म्हणावं, माझे कान त्याच सुईनं गेले. तुला माझ्यासारखं व्हायचंय का?"

लेकीनं तेही सांगितलं. मग लेकीचा चेहरा उतरला. "आई, काकी म्हणते, तिला कालपासून कानात किणकिण व्हतंय."

कान तपासणाऱ्या बाईनं एक मशीन वापरून बघायला दिलं होतं, ते पिशवीत टाकून आम्ही तशाच निघालो. जावेला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त-लघवी तपासली. जावेला साखर आहे, किडनी आधीच थकलेली. अशा माणसाला ही सुई जास्त बाधते, आणि जोडीला लघवीची गोळी असली की आणखीच. त्यांनी सुई बंद करून दुसरं औषध दिलं. मग कपाळाला हात लावून विचारलं, "हे तुम्हाला दिलं कुणी?"

जावेनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी."

खोटं काय होतं त्यात! मी दोन वर्षं त्या "मग काय" वाल्याला शिव्या घातल्या. त्या खुर्चीवर आता मी बसले होते, आणि मी तर वयसुद्धा विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला मशीन लावायला लावून सावकाश समजावलं. सुई वाईट नाही, कधी कधी जीव तिच्यावरच असतो. पण आधी किडनी बघायची, जमलं तर कान तपासून ठेवायचे, मध्येही तपासायचे. कानात आवाज आला, तोल गेला, की त्याच दिवशी सांगायचं, आणि समोरच्यानं ऐकून घेईस्तोवर सांगत राहायचं. आपल्या मनानं औषध सुरूही करायचं नाही आणि बंदही नाही. गेलेले कान परत येत नाहीत. एवढं सांगायला त्यांना चहा थंड व्हावा इतकाही वेळ लागला नाही. मग मला सांगायला दहा दिवसांत कुणालाच वेळ कसा मिळाला नाही?

जावेचे कान त्या आठवड्यात आळेफाट्याला तपासले, महिन्यानं पुन्हा तपासले. शाबूत आहेत. किणकिण थांबली. महिनाभर मी तिच्या दारात गेले की ती आधी म्हणायची, "आक्का, येतंय ऐकू," आणि मगच चहा टाकायची.

ती चिठ्ठी तिला चुलीत घालायची होती. मी घालू दिली नाही. ती जाळली तर दुसऱ्या कुणाची निघेल. मी शाळेत गेले नाही, अक्षर पोरांच्या पाटीवर शिकले, वाकडंतिकडं येतं. तरी लाल पेननं त्या कागदावर आडवं लिहिलं: या सुईनं माझे कान गेले. हा कागद मेडिकलला दाखवू नका. डॉक्टरला दाखवा, आधी किडनी आणि कान तपासायला सांगा.

परवा वरच्या आळीतली एकजण आली, तिच्या नवऱ्याला ताप. "गुणाची चिठ्ठी द्या की," म्हणाली. मी दिली. ती उभ्या उभ्या वाचायला लागली, वाचून झाल्यावर माझ्याकडं बघितलं, माझ्या कानातल्या मशीनकडं बघितलं, आणि काहीतरी पुटपुटली. मला कळलं नाही.

"मोठ्यानं बोल," मी म्हणाले.

"म्हटलं, गाडी किती वाजता हाय दवाखान्याची?"