मुलांचे आवाज जपणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंची आणि माझी पहिली भेट इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या कम्युनिटी हॉलमध्ये झाली. शनिवारच्या मराठी वर्गाआधी त्या फळ्यावर मुलांची नावं लिहीत होत्या. जवळच्या ब्रॅकनेलला ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी मी वर्गाला मदत करायला आले होते. उत्साहाने म्हणाले, "ताई, मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू या."

"करू. पण त्याने शनिवारी मुलं एकमेकांशी जास्त बोलतील का?" त्यांनी विचारलं.

ती शंका त्यांनी कधीच सोडली नाही. मुलांनी आठवडाभर व्हॉइस नोट पाठवायच्या आणि शनिवारी त्यावर समोरासमोर गप्पा, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. वर्गात गप्प बसणारी तेरा वर्षांची मीरा ग्रुपवर बोलू लागली. एकदा तिने पाठवलं, "माझा आजी खूप छान हसतो." मला गंमत वाटली, मी ते मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत ते फिरत फिरत तिच्याच आईच्या फोनवर आलं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मीरा वर्गाला येईनाशी झाली.

मी ताईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "वैशाली, कोट घाल. तिच्याकडे जाऊ."

मीरासमोर बसून ताई म्हणाल्या, "बाळा, तुझा आवाज सांभाळणं माझं काम होतं. मी चुकले."

मला राहवेना. "नाही मीरा, तो मी बाहेर पाठवला. आता डिलीट केलाय. सॉरी."

"डिलीट केलं तरी सगळ्यांनी ऐकलंच ना?" मीराने विचारलं.

"हो," ताई म्हणाल्या. "ते मला परत आणता येणार नाही."

त्यांनी तिला 'ये' म्हणून आग्रह केला नाही. मात्र पुढच्या शनिवारी पालकांना समोर बसवून बजावलं, की मुलांचा आवाज ग्रुपबाहेर जाणार नाही. मुलंही आता आधी वर्गात गोष्ट सांगू लागली. वाटलं तरच रेकॉर्ड करायची. चौथ्या शनिवारी मीरा आली, दाराजवळ बसली. ताई शेजारी जाऊन बसल्या. मग मीरा म्हणाली, "आजी कवळी काढून हसते." अख्खा वर्ग हसला, तीही हसली.

अजूनही मी फोन हातात घेतला, की मीरा बोलता बोलता थांबते. ते मला टोचतं. ताईही स्वस्थ नसतात. दर शनिवारी घरी पोचताच त्यांचा फोन येतो, "आज कोण बोललं नाही गं?"

ताई, पंचाहत्तरीतही तुमच्या जिवाला लागलेला हा घोर कमी व्हावा, असं मी मागणार नाही. तब्येत मात्र ठणठणीत राहो, आणि पुढची पुष्कळ वर्षं आम्हाला तुमच्या या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागो.