नथीसाठी टोचलेलं नाक

माझं नाक डावीकडं वाकडं आहे हे मला कोणी तोंडावर सांगितलं नाही. पण कोणी फोटो काढायला आलं की आई हनुवटी धरून माझं तोंड फिरवायची, त्यावरून काय ते समजत होतं. सात वर्षांची असताना गोठ्यात बैलानं मान झटकली आणि त्याचं कपाळ माझ्या नाकावर बसलं. आईनं हळद-चुन्याचा लेप लावला. वडील त्या दिवशी वांगी घेऊन नांदुऱ्याच्या बाजारात गेले होते. सूज उतरली तेव्हा नाक वळलेलंच होतं. नाक टोचायचं माझं तेच वय; पण त्या नाकाला पुन्हा हात लावायची कोणाची छाती झाली नाही, आणि टोचायचं राहून गेलं.

वीस वर्षांची झाले तेव्हा दोन ठिकाणचे पाहुणे पाहून गेले, 'कळवतो' म्हणाले आणि गप बसले. तिसरं स्थळ देऊळगाव राजाचं, मुलगा शाळामास्तर. या वेळी आईनं मला दाराशी असं बसवलं, की पाहुण्यांना माझी उजवी बाजू तेवढी दिसावी. उठतानासुद्धा त्याच बाजूनं उठायचं असं बजावलं होतं. त्यांनी होकार दिला, सुपारी फुटली, लग्न वैशाखात ठरलं. घरात आनंदीआनंद, मला मात्र दुसरीच काळजी. अंतरपाट दूर झाला की हा माणूस मला समोरून पाहणार! मग काय? भर मांडवातून परत जाईल?

तेवढ्यात मामांचं पत्र आलं, की नागपूरला एक सर्जन वाकडी नाकं सरळ करतात. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, राजधानी नागपूरहून मुंबईला गेली होती, तरी मोठा डॉक्टर म्हटला की आमच्याकडचे लोक नागपूरचीच गाडी धरत. आईनं हिशोब बसवला: फाल्गुनात ऑपरेशन, वैशाखात लग्न, कोणाला पत्ता लागायचं काम नाही. एकच काटा राहिला, नथ. ऑपरेशननंतर डॉक्टर नाक टोचू देणार नाहीत, आणि लेकीच्या लग्नात चापाची नथ आईला मंजूर नव्हती. म्हणून नागपूरला जायच्या आठ दिवस आधी तिनं सोनाराला बोलावून माझी डावी नाकपुडी टोचून घेतली. काय डोकं लावलं म्हणावं!

चौथ्या दिवशी ते पिकलं. मी ठणक्यानं रडकुंडीला आले तर आई म्हणे, दवाखान्यातच तर चाललो आपण, तेही तेच पाह्यतीन.

सर्जनसमोर आईनं पिशवीतून लक्ष्मीचं कॅलेंडर काढलं आणि असं नाक होईल का विचारलं. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, चित्रातलं नाक चित्रकारानं काढलंय, मला हिच्याच हाडावर काम करायचंय. पूर्ण सरळ होईलच असा शब्द मी देत नाही. आधी डोळ्यांखाली काळंनिळं होईल, ते दोन-तीन आठवड्यांत जाईल. पण नाकाची सूज पुरती बसायला वर्ष लागतं. वर्ष! मी मनातल्या मनात वैशाखापर्यंतचे आठवडे मोजत होते.

मग त्यांनी माझ्या एकेका नाकपुडीवर बोट ठेवून श्वास घ्यायला सांगितलं. डावीकडून काही येईना. मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं. बोट काढताना त्यांना ते पिकलेलं भोक दिसलं. आईनं लग्न, नथ, सगळं खरं सांगितलं. ते चिडलेच. पिकलेल्या नाकाला मी चाकू लावणार नाही, म्हणाले, आधी हे बरं करा आणि वैशाखाचं विसरा. कागद लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, मार लागला तेव्हा कोणाला दाखवलं होतं? आईनं हळद-चुन्याचा लेप सांगितला.

"आठ दिवसांत आणली असती," ते म्हणाले, "तर चाकू लागलाच नसता. हातानं जागेवर बसवलं असतं."

परतीच्या गाडीत मी आईला बोलले. तुह्यामुळं झालं सगळं, तेव्हाबी अन् आताबी, असं डब्यातल्या माणसांदेखत बोलले. तिनं ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिनं वडिलांना सांगितलं, मी देऊळगाव राजाले जातो, पोरीले घेऊन. वडील म्हणाले, सोयरीक मोडून येसान. तरी ती निघाली. नाकावर पट्टी घेऊन मी मागं.

लग्नाआधी सासरच्या घरी कसं जायचं, म्हणून बालाजीच्या देवळात भेटायचं ठरलं. मास्तर आणि त्यांची आई आले. आईनं माझी पट्टी काढली, मला खांद्याला धरून त्यांच्यासमोर उभं केलं आणि म्हणाली,

"तुमाले मी पोरीची एकच बाजू दाखवली. हे नाक माह्या अडाणीपणानं असं झालं. बोल लावायचा तर मले लावा, तिले नोका लावू."

मास्तरांच्या आईनं मला बराच वेळ पाहिलं. फसवलं तुम्ही आम्हाला, असं त्या सरळ म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, ऑपरेशन तुला करायचं होतं का तुझ्या आईला? हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता. तोंडातून निघालं, "नाक कसंबी राहू द्या. मले श्वास पाह्यजे."

मास्तर तोवर खाली मान घालून होते. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे नाही, आपल्या आईकडे, आणि म्हणाले की तारीख बदलायची गरज नाही, श्वासाचं लग्नानंतर बघू, नागपूरला मी घेऊन जाईन.

त्यांच्या आईनं होकाराची मान डोलावली. माझी आई तिथंच खांबाला टेकून रडायला लागली. तिच्याजवळ जावं, एवढं कळत होतं मला. मी गेले नाही.