शनिवारी आलेलं लोखंड

पंचफुलाबाईंच्या शेजारी मी अर्धं आयुष्य काढलं, आणि ते बहुतेक आरोपी म्हणूनच. लकडगंजात आमची घरं पाठीला पाठ लावून होती. मी शाळामास्तर; ती आरा मशीनवरच्या हमालांना जेवू घालणारी. दूधवाल्याच्या चरवीत ती बोट बुडवून बघे, पिठाच्या गिरणीत स्वतःचा डबा संपेपर्यंत हलत नसे. एका संक्रांतीला माझ्या बायकोने दिलेला तिळगूळ तिने आधी मांजरीपुढे टाकला. मांजरीने तोंड फिरवलं. मांजरी गूळ खात नाहीत हे मी तिला शपथेवर सांगितलं, पण तिळगूळ शेवटी मुंग्यांनीच खाल्ला.

तिला नावं ठेवायला मी कायम पुढे असे, पण कारणही माहीत होतं. नवरा गेल्यावर दिरांनी गोड बोलून तिला शेतातून बाहेर काढलं. पुढे एकुलता मुलगा बळीराम काविळीने गेला. राहिली त्याची बायको शामला, अबोल, कामसू. तिला माहेरी पाठवा म्हणणाऱ्यांना पंचफुलाबाईने अंगणात उभंही राहू दिलं नाही. त्या मुलीवर तिचा किती जीव आहे हे मला अडुसष्टच्या उन्हाळ्यात कळलं. वाळवीने पोखरलेलं मयाल, म्हणजे छपराची तुळई, कवेलूंसकट खाली आलं, नेमकं शामलाच्या खाटेवर. पोरगी वाचली, पण पाय कायमचा अधू झाला. त्या दिवशी पंचफुलाबाईने गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता माह्या सुनेच्या डोक्यावर लाकूड नाई. सिमेंटचा स्लॅबच टाकतो मी."

काम घेतलं शालिकराम मिस्त्रीने. पांढराशुभ्र दुपट्टा खांद्यावर टाकणारा, कमी बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी पंचफुलाबाई सिमेंटच्या पोत्यांवर चटई टाकून बसली ती बसलीच. चुलीपाशी आता शामला असे. मिस्त्री रेती चाळायला लागला की ही रेती हातावर घेऊन नखाने टोकरी. गरीब शालिकराम सगळं मुकाट्याने सोसत होता.

घोळ झाला तो सळयांचा. शुक्रवारी यायची लोखंडाची बंडी चाक मोडल्यामुळे शनिवारी आली. पंचफुलाबाई भाजीबाजारात होती आणि शामलाने भाबडेपणाने सळया उतरवून घेतल्या. शनिवारी घरात लोखंड! पंचफुलाबाई परतली आणि तिचा चेहरा पडला. मग तोंड सुटलं. "मुद्दाम धाडलं त्या लोखंडवाल्या मारवाड्यानं! साडेसाती पाठवली घरात! अन् तू उतरवून घेतलं, काहून वं शामले?"

शनीला तेल वाहतात, तेव्हा शनिवारच्या लोखंडाला तेल पाजलं की दोष जातो, असं तिने स्वतःच ठरवलं. शिवाय सळयांवर तांबूस गंज दिसत होता, म्हणजे दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला हा दुसरा संशय. घरात जवसाचं तेल होतं. रविवारी दिवसभर चिंधी घेऊन एकेक सळई तिने चोळून काढली. साध्या गोल, गुळगुळीत सळया त्या. संध्याकाळी उन्हात नुसत्या चमकत होत्या.

सोमवारी शालिकरामने पहिली सळई उचलली आणि ती त्याच्या हातातून निसटली. त्याने बोटं नाकाशी नेली.

"बाई, हे काय करून ठेवलं तुमी?"

"दोष काढला. गंजही काढला."

"गंज राहू द्याचा होता थोडा. सिमेंट वाळता वाळता लोखंडाले घट्ट पकडते, त्याच्यावरच सारा स्लॅब उभा राह्यते. तेल असलं तर पकडनार नाई. वजन आलं का सळई आतल्या आत सरकन, अन् स्लॅब खाली येईन."

"मंग?"

"नेतो माह्या घरी नाल्याजवळ. तिथं रेती आहे, पानी आहे. घासून आनतो."

नेतो म्हटल्याबरोबर बाई उठून उभीच राहिली. "वा गा मिस्त्री! नेशीन चांगल्या अन् आनशीन भंगार! हे तेलाचं निमित्त बरं सापडलं तुले!"

मी भिंतीवरून बघत होतो. खरं सांगायचं तर मलाही मिस्त्रीचा थोडा संशय आलाच. तिच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर तो रोग मला लागणारच. शालिकरामचा चेहरा लाल झाला. तरी तो गेला नाही. सळईचे दोन तुकडे घेऊ, म्हणाला, एक तेलाचा, एक तसाच. दोन्ही काँक्रीटमध्ये रोवू, आठवडाभर पाणी मारू, मग तुम्हीच ओढून पाहा.

तेल न लावलेला तुकडा तिने स्वतः त्याच लोखंडवाल्याच्या दुकानातून आणला. डालडाचे दोन डबे निवडले तेही तिनेच. मिस्त्रीने माल कालवला, पण डब्यांत भरताना तिने त्याच्या हातातली थापी काढून घेतली आणि आपल्या वरणाच्या डावाने दोन्हीकडे सारखा माल घातला. डबे तिच्या देवघरात गेले, कुलुपात. पाणी ती स्वतः शिंपडायची. शामलालासुद्धा तिकडे फिरकू देत नव्हती.

आठवड्याने डबे अंगणात आले. गंजक्या सळईला पान्याने पकडून शालिकराम पिळू लागला, सळई ढिम्म. मी आणि एक हमाल दोर बांधून ओढू लागलो, तर डबाच उचलला गेला. मग तेलाची सळई. पाना पंचफुलाबाईने स्वतःच्या हातात घेतला. एक झटका दिला तशी सळई जागच्या जागी फिरली. दुसऱ्या झटक्याला गाजरासारखी वर आली. आतलं भोक गुळगुळीत, आरशासारखं.

तिने त्या भोकात बोट घालून फिरवलं. मग हळूच म्हणाली, "थाळीले तूप लावलं का वडी सुटते, तशी सुटली वं शामले."

त्यानंतर सासू-सुनेने अंगणातच सळया घासायला घेतल्या. जवसाचं तेल एव्हाना वाळून चिकट झालं होतं. सोड्याचं उकळतं पाणी, जाड रेती, विटेचे तुकडे. दोघींच्या हातांची सालं निघाली. माझी बायको मदतीला गेली तर तिलाही बाईने नको म्हटलं, का ते विचारायची सोय नव्हती.

स्लॅबच्या दिवशी सळया सेंट्रिंगवर जाळीसारख्या बांधून झाल्या. रेजा, म्हणजे मजूर बाया, घमेली घेऊन उभ्या, गिट्टी-सिमेंट कालवलेलं. तेवढ्यात शालिकरामने सगळ्यांना थांबवलं. खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला आणि तो एकेक सळई पुसून दुपट्टा बघू लागला.

"आता काय पाह्यतं?" पंचफुलाबाईने खालून विचारलं.

"तुमी मले चोर म्हटलं, मी सोसलं. पन आता मले तुमचा भरोसा नाई."

तिला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. गल्लीसमोर, रेजांसमोर ती हात बांधून उभी राहिली. मला मनातून आनंद व्हायला हवा होता, पण तिच्याकडे बघवेना. दुपट्टा स्वच्छ निघत गेला. आणि उत्तरेकडच्या कोपऱ्यात, एका सळईवर, पिवळा पडला.

"हे काहून राहिलं, बाई?"

"राहिलं नाई. ठेवलं. शामलाची खाट तिथं येते." तिने शामलाकडे हात केला. "शनीले काहीच नाई दिलं अन् त्यानं पुन्हा तिच्यावरच काढलं तर? तुमच्यावर माहा भरोसा बसला, मिस्त्री. त्याच्यावर नाई बसला."

शालिकरामने ती सळई सोडवून खाली दिली. शामला लंगडत पुढे आली, तिने सोड्याचं पाणी मागितलं आणि सासूच्या पायाशी बसून सळई घासायला लागली. पंचफुलाबाईने तिला अडवलं नाही. सळई परत वर गेली, बांधली गेली आणि दुपारपर्यंत स्लॅब टाकून झाला.

पुढे सेंट्रिंग निघालं, चुना लागला. दोघी आत राहायला गेल्या त्या दिवशी मी डोकावलो. उत्तरेकडच्या कोपऱ्यात पंचफुलाबाईची खाट होती, शामलाची दाराजवळ, दुसऱ्या टोकाला. मला हसू आलं.

"काय बाई, अजून संशय गेला नाही?"

"गेला नं, मास्तर," ती गोधडी झटकत म्हणाली. "पन पडलंच, तर माह्यावर पडू दे."