कोरड्या कपातला कोंब

शाळेत त्यांना पाठीमागे सगळे शंकाबाई म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. घरी नवरा "जेवलो" म्हणाला तरी त्या ताट बघून यायच्या. तिसरीच्या पोरांनाही त्यांनी हेच शिकवलं होतं, "पुस्तकात आहे म्हणून नाही, बाई म्हणतात म्हणून नाही. करून बघा. आणि संशयातून कुणालाही सोडू नका."

खिडकीखालच्या फळीवर तीन कप होते, प्रत्येकात कापूस आणि घेवड्याचं बी. पहिल्याला पाणी आणि ऊन. दुसऱ्याला पाणी, पण वर डबा पालथा. तिसऱ्याला ऊन, पाणी मात्र थेंबभरही नाही.

आणि कोंब तिसऱ्यालाही फुटला!

"कुणीतरी पाणी घालतंय," शंकाबाई पुटपुटल्या. शुक्रवारी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, बघायला येणार होत्या. प्रयोग फसला तर फळी काढून तिथे कपाट येणार, असं त्यांनी बजावलंच होतं.

कपाट हवं होतं शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांना.

"सर, बाही ओली कशी तुमची?"

"हात धुतले हो."

"आत्ताच?"

"आता हात धुवायलाही तुमची परवानगी घेऊ?"

मग झाडणाऱ्या मावशी. "फळीजवळ जाता का तुम्ही?"

"जाते की. केर काय चालत येतो माझ्याकडे?"

शुक्रवारी सकाळी पोरं फळीभोवती कोंडाळं करून उभी. फरशीवर खडूची पूड, पुडीत चपलांचे ठसे.

"काल मावशी झाडून गेल्यावर आम्ही टाकली. तुम्हाला न सांगता!" चिमणी ओरडली. अंगाने वर्गात सगळ्यात बारकी, आवाजाने सगळ्यात मोठी.

"शाब्बास! आता सापडतोय!"

सरांना बोलावलं, मावशींना बोलावलं. चपला पुडीत बुडवून काळ्या कागदावर ठसे घेतले. एकही जुळेना.

"बाई, तुमची राहिली," चिमणी म्हणाली.

"माझी कशाला गं?"

"कुणालाही सोडायचं नाही ना?"

ठसा उमटला. टाच एका बाजूने झिजलेली. तोच!

शंकाबाईंचा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेला. खिडकी लावता लावता बाटलीतलं उरलेलं पाणी हाताशी असेल त्या कुंडीत रिकामं करायचं, ही घरची सवय. इथे हाताशी होता तिसरा कप.

"काय चाललंय?" दारात मोठ्या बाई.

पोरं बाजूला सरकली. सर खाली बघून हसत होते.

"पाणी मीच घालत होते," शंकाबाई म्हणाल्या. "सर, मावशी, चुकलं माझं. फळी काढायची तर काढा."

मोठ्या बाई वाकल्या. ठसे बघितले, कागद बघितले. मग चष्म्यावरून चिमणीकडे.

"हिची चप्पल तपासली?"

चिमणीने पाय मागे घेतला.

"नाही ना? मग फळी राहील. चौकशी पुरी झाल्याशिवाय इथलं काहीही हलणार नाही." त्यांनी खुर्ची ओढली. "काढ गं चप्पल. आणि सर, तुम्ही कुठे निघालात?"