पाहिलेलं रूप

हिंदुकुशातल्या बिरीर खोऱ्यात कुणी वारलं की पहिली हाक गुलसंबरला जायची. मण्यांची टोपी काढून, केस मोकळे सोडून ती मृताच्या खाटेशी बसायची आणि त्याचं आयुष्य गात गात सांगायची. गळा काही फार गोड नव्हता. पण तिच्या सांगण्यात खोट नसे, म्हणून लोक तिला मानत.

इथल्या कलाश बोलीत घडून गेलेल्या गोष्टीला दोन रूपं आहेत. डोळ्यांदेखत घडलं असेल तर क्रियापदाच्या तोंडाशी एक छोटासा 'अ' येतो. ऐकलेलं, मागाहून कळलेलं असेल तर रूपच वेगळं. आपल्याकडेही हा 'अ' होता, संस्कृतात: अगच्छत्, अपश्यत्. न पाहिलेल्यासाठी परोक्षाचं वेगळं रूपही होतं. पुढे भाषा झिजली, दोन्ही गेली, आणि आपण 'म्हणे' जोडून वेळ मारून नेऊ लागलो. या डोंगरांत मात्र तो 'अ' टिकला. इथे तो चुकवणारा माणूस एक तर लहान मूल असतो, नाही तर खोटारडा.

गुलसंबरनं तो कधी चुकवला नव्हता. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, ती धाकट्या भावाकडे, मिरझमस्तकडे राहायची. भाऊ उन्हाळ्यात शेळ्या घेऊन वरच्या कुरणात जाई. तिथे बाईनं पाऊल ठेवायचं नसतं; ती जागा पवित्र, तिथे सुचींचा, म्हणजे डोंगरपऱ्यांचा वावर. गुलसंबरनं ते कुरण जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी शेळ्या उतरायच्या सुमारास दानिशनं मिरझमस्तला पाठीवर बांधून खाली आणलं. दोघे लहानपणापासूनचे जोडीदार. मंडपात खाट ठेवली, मौतीच्या रीतीप्रमाणे ढोल वाजू लागले, चीज-तुपाची पंगत मांडली गेली. दानिश उभा राहिला आणि म्हणाला, "मी शेळ्या कोंडत होतो. मागून येऊन बघतो तर हा कड्याखाली. पाय निसटला असणार." न पाहिलेलं रूप. जसं हवं तसं.

मग गुलसंबरनं सूर लावला. भावाचं बाळपण गायली, लग्न गायली. आणि कुरणाशी आल्यावर तिच्या तोंडून आलं:

"तो वाकला, दगड हलला. तो घसरला, जुनिपरच्या झुडपाचं मूळ त्याच्या हाती आलं. तो लोंबकळत राहिला. दानिश वर बसला होता. दानिश रडला, पण हात खाली गेला नाही."

प्रत्येक क्रियापदाला तो 'अ'.

ढोल थांबले. तिच्या शेजारी बसलेली जिन्नत कुजबुजली, "अगं, काय बोलतेयस? चुकलीस, बाई. नीट म्हण."

गुलसंबरनं तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. परोक्षाचं रूप तिला ठाऊक होतं, मनात ते तयार होतं, जीभ वळेना.

तेवढ्यात दानिश खाटेच्या पायाशी कोसळला. "खरंय ते. मी होतो तिथं. भ्यालो. मला वाटलं, हात दिला तर मीही जाईन."

त्याला कुणी शिव्या घातल्या नाहीत. सगळे गुलसंबरकडे बघत होते.

थोरल्यांनी दुसऱ्या दिवशी शुद्धीसाठी बोकड कापला, जुनिपरचा धूर कुरणाच्या वाटेवर फिरवला. पंच म्हणून बसणाऱ्या ताजुम्बनं विचारलं, "तू वर गेली होतीस का?"

"मी गव्हाला पाणी देत होते. जिन्नत होती सोबत."

"मग पाहिलं कुणी?"

"मला काय ठाऊक! माझ्या तोंडाला विचारा."

त्यानंतर तिला न पाहिलेलं रूप आलंच नाही. पूर्वज कुठल्याशा दूरदेशातून आले हे मुलांना सांगतानासुद्धा ती "आले" म्हणायची ते पाहिल्यासारखं. त्यांच्या पायांना चिखल होता, एकीच्या कडेवरचं मूल वाटेत थंड पडलं, असंही सांगायची. मुलं उठून पळायची. भावजय म्हणाली, "वन्सं, आता गप्प राहत जा. लोक दारावरून जाताना थुंकतात." ती गप्प राहू लागली. मौतीला बोलावणं येईना.

यायचा तो फक्त दानिश. आक्रोड फोडायला बसायचा. सगळं गाव त्याच्याशी जपून बोलायचं. हिच्यापुढे लपवायला काही उरलेलंच नव्हतं.

एका दुपारी, ऊन अंगणात असताना, त्यानं विचारलं. "ताई, शेवटी त्यानं माझ्याकडे पाहिलं का? मी डोळे मिटले होते."

तिनं एक आक्रोड दगडावर ठेवला.

"नाही पाहिलं," ती म्हणाली. "तो तुझ्या मागे बघत होता."

"मागे? मागे काय होतं?"

"मी होते." तिनं आक्रोडावर दगड हाणला. "माझ्याकडे बघून तो हसला. मग त्यानं हात सोडला."

दानिश उठला नाही, पण त्या दिवशी तो भिंतीला पाठ लावून बसला. पुढे तो कुठेही गेला तरी तसाच बसायचा.

बऱ्याच हिवाळ्यांनी गुलसंबर गेली, झोपेत. गाणार कोण, हा प्रश्न होता. जिन्नतची नात पुढे आली. पण त्या मंडपातल्या प्रसंगापासून गावच्या बायकांची जीभ बिचकलेली; पाहिलेलंही त्या न पाहिलेल्या रूपात सांगत. चूल पेटवली तरी "चूल पेटली असावी". 'अ' लावला आणि काही भलतंच तोंडातून आलं तर?

पोरगी गायली, "गुलसंबरनं नदीकाठी जर्दाळू लावले म्हणे. गुलसंबर मोठ्यानं हसायची म्हणे."

"लावले," भिंतीपाशी बसलेला दानिश म्हणाला. "हसायची. मी पाहिलंय."

पोरगी अडखळली. पुढची ओळ तिनं सुरू केली, न पाहिलेल्याच रूपात. आणि गाता गाता तिचा स्वर एकदम उतरला, कारण तोंडून आलं ते पाहिलेलं रूप होतं, 'अ' लागलेलं.

"ती खाटेवर पडून आहे," पोरगी म्हणत होती, "ती वर गेली, ती कुरणात पोचली, तिला तिचा भाऊ भेटला."

जिन्नतनं नातीच्या तोंडावर हात दाबून धरला.