हेल्मेटचा होकार

आमच्या मोटरसायकलचा अपमान एका कपाटाने केला. मी आणि बायको खाप्याला, तिच्या माहेरी निघालो होतो. मानकापूरच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी नेहमीसारखी दमली. मी गिअर उतरवला, आणि तेवढ्यात लोखंडी कपाट लादलेली एक ई-रिक्षा उजवीकडून पुढे जाऊ लागली. तीही घाईने नाही, सावकाश. इतकी सावकाश, की कपाटाच्या आरशात आम्ही दोघं बराच वेळ दिसत राहिलो. बायकोने त्यात बघून स्कार्फ नीट केला आणि मग माझ्या खांद्यावर थाप मारली.

"एकतर या गाडीत जीव घाला," ती म्हणाली, "नाहीतर मी माही स्कूटर घेऊन घेतो."

या थापेचं आधी सांगायला हवं. आमचं घर प्रतापनगरात, दोन खोल्यांचं, आणि त्यातल्या कोणत्याही खोलीत काहीही बोललं तरी ते माझ्या आईला ऐकू येतं. आई बिचारी मुद्दाम ऐकत नाही, पण मत मात्र मुद्दाम देते. त्यामुळे नवराबायकोचं जे काही खरं बोलणं, ते लग्नापासून गाडीवरच होत आलं. रोज सकाळी मी बायकोला हिंगणा रोडवरच्या तिच्या शाळेत सोडतो आणि पुढे एमआयडीसीत माझ्या कंपनीत जातो. ती डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून बसते आणि हेल्मेटच्या डाव्या बाजूला तोंड आणून बोलते. एक थाप म्हणजे ऐका, दोन थापा म्हणजे उत्तर द्या. ट्रॅफिकमध्ये मान वळवायची सोय नाही, म्हणून माझं उत्तर हेल्मेटने. वरखाली हललं की हो, आडवं हललं की नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे करायचं इथपासून कोणत्या लग्नाला जायचं नाही इथपर्यंत सगळं असंच ठरलं. आमच्या गाडीच्या वेगाची वारासुद्धा फारशी दखल घेत नाही, म्हणून हे जमायचं.

म्हणून स्कूटर म्हटल्यावर मी आधी वेगळाच हिशोब केला. ती तिच्या गाडीवर आणि मी माझ्या, मग आम्ही बोलायचं कधी? हे तिला सांगायची मात्र लाज वाटली. मी आपला रुबाबात म्हणालो, "पाहतो इंजिनचं काही होते का."

कंपनीत चहाच्या वेळी विषय काढला आणि पस्तावलो. एक म्हणाला, इंजिन मोठं केलं की ॲव्हरेज गेलं म्हणून समज. दुसरा म्हणाला, चेन तुटेल. तिसरा सगळ्यात जास्त बोलला, आणि त्याची स्वतःची गाडी उतारावर ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. शेवटी मी गांधीबागेत गेलो. कापडबाजाराच्या मागे एक मेकॅनिक जुन्या गाड्यांची ताकद वाढवून देतो, असं ऐकलं होतं. त्याने गाडी सुरू केली, कान लावला आणि बंद केली.

"भाऊ, हे इंजिन नोकरी करून नाही राहिलं, पेन्शन खाऊन राहिलं," तो म्हणाला. "सिलिंडर बोर करतो, मोठा पिस्टन टाकतो, कार्बुरेटर बदलवतो. मंग पाहा!"

मी चुळबुळ करतोय हे बघून त्याने स्वतःचीच गाडी पुढे केली. माझंच मॉडेल, पण हे सगळं काम केलेली. "घेऊन जा. रविवारी वहिनीले बसवा, खाप्याले जाऊन या. मंग सांगा."

रविवारी मानकापूरचा पूल कधी आला आणि कधी संपला, कळलंच नाही. कपाट घेऊन जाणारी एखादी ई-रिक्षा दिसते का म्हणून मी मुद्दाम पाहत होतो. नेमकी एकही नव्हती. कोराडी सोडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि मी गाडी पिळली. खोटं कशाला बोलू, फार मजा आली. या वयात इतकी मजा आली याचंच नवल वाटलं. फक्त गाडीला थरथर फार. हँडल थरथरतंय, फूटरेस्ट थरथरतंय, चष्मा नाकावरून उतरतोय, आणि माझं हेल्मेट आधीच थोडं मोठं, ते डोक्यावर सारखं उड्या मारतंय. मागून अधूनमधून थापा पडत होत्या. एक, मग दोन. परत एक, परत दोन. शब्द एक ऐकू येईल तर शपथ. मला वाटलं, तीही खूश होऊन पाठ थोपटतेय. मी आणखी पिळली.

सासऱ्यांच्या अंगणात उतरून तिने स्कार्फ सोडला. चेहरा नुसता फुललेला.

"बाबा, मी स्कूटर घेऊन राहिली," तिने जाहीर केलं. "यायनं हो म्हटलं! दिवाळीत मोठ्या ताईकडे जायचं, त्यालेबी हो म्हटलं."

मी काय सांगणार? तुमची मुलगी कोराडीपासून बोलत होती आणि जावयाला ओ की ठो ऐकू आलं नाही, असं सासुरवाडीच्या अंगणात उभं राहून? हेल्मेट माझ्या हातात होतं. आता मेलं अगदी शांत होतं.

सासरे संत्र्याचे बागायतदार. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दुसऱ्याची गाडी आणण्याचं कारण विचारलं. मी पॉवर वाढवायचा बेत सांगितला.

"आमीबी असंच केलं होतं, जावईबापू," ते खुर्ची ओढत म्हणाले. "विहिरीवरची मोटर काढून मोठी बसवली. पानी असं आलं का गाव पाहाले जमलं. दुपारपावतर विहीर कोरडी! मंग बसलो त्या मोटरकडे पाहत."

"मग काय केलं?"

"काय करतो? जुनी मोटर भंगारवाल्याकडून हातापाया पडून वापस आनली."

येताना मी गाडी हळू चालवली. पण बायको काही बोलली नाही. तिचं सगळं विचारून झालं होतं.

"कधी आनता तुमची गाडी?" त्याची गाडी परत द्यायला गेलो तेव्हा मेकॅनिकने विचारलं.

"राहू द्या."

"काहून गा?"

"मागचं मानूस ऐकू नाही येत."

तो पोट धरून हसला. "लोक त्याच्यासाठीच करून घेतात, भाऊ!"

स्कूटर आली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या सकाळपासून बायको भुर्रकन पुढे जाऊ लागली. पहिल्या सिग्नलनंतर ती दिसायचीच नाही. हिंगण्याचा तोच रस्ता मला लांब वाटायला लागला. एकदा तर मागची सीट रिकामी असताना मी उगाचच मान हलवली, आणि शेजारचा ऑटोवाला बघत राहिला. घरी आई असल्यामुळे आम्ही भाजी आणि दूध यांच्यापलीकडे काही बोलेनासे झालो. शेवटी आईनेच विचारलं, "भांडून राहिले का रे तुमी?" भांडण असतं तर बरं, असं मला वाटलं. मला सरळसरळ करमत नव्हतं.

मग एका सोमवारी खाली उतरलो तर बायको माझ्या गाडीजवळ, स्कार्फ बांधून उभी.

"स्कूटर?" मी विचारलं.

"राहू द्या. चालवतानी बोलता नाही येत."

मी रुमालाने सीट पुसली. दोनदा पुसली. चौक ओलांडला आणि खांद्यावर थाप पडली. "एक सांगा, तुमी इंजिन मोठं काहून नाही केलं?" मग दोन थापा.

याचं उत्तर हेल्मेटने देण्यासारखं नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणालो, "खरं सांगू का? त्या दिवशी खाप्याले जातानी मले काहीच ऐकू नाही आलं. मी हो म्हटलंच नव्हतं. हेल्मेट आपोआप हलून राहिलं होतं."

स्कार्फमधून फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

"मले दिसत नव्हतं का?" ती म्हणाली. "म्हनून तर तवाच विचारलं."