साधं डोकं दुखण्याचा हक्क

दादाचा फोन आला तेव्हा मी कराडच्या मंडईत वांगी निवडत होते. "शालन गेली गं," एवढंच म्हणाला. शालन म्हणजे माझी वहिनी. माझ्या तोंडून निघालं, "डोकं दुखत होतं का?" "न्हाई गं. छातीत कफ झाला, तापानं धरलं. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं तिचं." त्याला महिना उलटून गेला... आता कुठं तिच्याविषयी लिहायला बसले आहे.

लग्न होऊन ती रहिमतपूरजवळच्या आमच्या घरी आली आणि वर्षभरात तिचे गाल नाकाच्या दोन्ही अंगांनी लालबुंद झाले. बायका म्हणायच्या, "सासरचं पाणी मानवलं की गं पोरीला!" आईही खूश. त्याच दिवसांत तिचं डोकं ठणकायचं, बोटं सुजायची. आई सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची. "पित्त हाय. उन्हात रानातलं तण भांगलाय गेलीस न्हवं?" लेप वाळून तडकायचा आणि तशाच कपाळानं वहिनी भाकऱ्या थापायची. दादा तेव्हा फौजेत. सुट्टीवर आला की म्हणायचा, "आमच्यात ह्याला ड्यूटी चुकवणं म्हणत्यात." मला त्याचा असा राग यायचा!

शेवटी केस गळून, गुडघे आखडून तिनं अंथरूण धरलं, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: ल्यूपस. शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटते म्हणे. गालांची लाली त्यातलीच. घर हादरलं, आणि मग पार दुसऱ्या टोकाला गेलं. वहिनीनं कपाळाला नुसता हात लावला की फौजेतून परतलेला दादा गाडी काढायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, "आवं, लोकांसारखं साधं डोकं तरी दुखू द्या की मला!" आम्ही हसलो, पण डॉक्टरांनी तिचीच बाजू घेतली. ल्यूपस असला तरी प्रत्येक डोकेदुखी त्याचीच नसते, म्हणाले. मात्र कधी नव्हे असं दुखलं, सोबत ताप आला, नजर धूसर झाली, तर थांबू नका.

मग तिनं आपल्या डोक्याशी ओळख करून घेतली. जागरणाचं दुखणं, उपासाचं दुखणं, माझ्या बडबडीचं दुखणं... हे शेवटचं ती मुद्दाम माझ्यासमोर सांगायची. साधं दुखणं ती निवांत पडून काढायची. आणि एका संक्रांतीला, हळदीकुंकू ऐन रंगात असताना, वाणाचं ताट खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, हे येगळं हाय. मला दिसंना झालंय." कुणी पित्त म्हटलं नाही, कुणी ड्यूटीचं नाव काढलं नाही. बायकांना तशाच बसवून आम्ही मिरज गाठली. मेंदूपर्यंत आजार पोचू लागला होता. वेळेत गेलो म्हणून ती वाचली, आणि पुढं कितीतरी वर्षं झकास जगली. शिलाईचं दुकान काढलं, लेकीचं लग्न केलं, माझ्याशी मनसोक्त भांडली. तिच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला, त्याची ही कमाई.

परवा गावी गेले, तर आई कपाळ धरून बसली होती. "काय न्हाई, डोकं दुखतंय जरा," म्हणाली आणि भांडी घासायला उठू लागली. दादा जेवत होता. त्यानं ताट बाजूला सरकवलं आणि तिच्यासमोर येऊन बसला. "बस आधी. कवापासनं दुखतंय? कसं दुखतंय, नीट सांग मला." आई खाली टेकली. एवढ्या आयुष्यात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मग पदरानं हात पुसत, सावकाश, ती सांगू लागली.